कार्डाचे वैरी

आमचे हे डोळ्यांच्या हॉस्पिटलात सर्व्हर सांभाळतात. सगळ्या पेशंटांचे रिपोर्ट तिथल्या चार डिस्कवर असतात. एखादी मेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम ओढून नेतात. आमच्या जावांमध्ये असं कधी झालेलं नाही.

या डिस्क एकत्र चालवायला आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक तर वेगळं कार्ड विकत आणून बसवायचं, नाहीतर सर्व्हरमधल्याच सॉफ्टवेअरला ते काम सांगायचं. यावर माणसं भरल्या ताटावर भांडतात, हे मला लग्नानंतर कळलं. हे सॉफ्टवेअरवाले. कार्डाचं नाव काढलं की कपाळाला आठी. "कार्ड मेलं की डिस्क ठणठणीत असून उपयोग शून्य. तसलंच कार्ड शोधत वणवण करा. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली आणि शेजारीच परगावी गेला, अशी गत!" धाकट्या दिराने एकदा जेवताना कार्डाची बाजू घेतली. त्याला आग्रह करू नकोस, अशी मला डोळ्यांनी खूण झाली.

गेल्या महिन्यात एक डिस्क मेली. यांचं सॉफ्टवेअर मेलेल्या डिस्कचा नंबर सांगतं. त्या नंबरची डिस्क सर्व्हरच्या कुठल्या खणात आहे, ते आपण लक्षात ठेवायचं. खणांवर चिठ्ठ्या चिकटवा, असं सहकारी म्हणायचे. हे म्हणायचे, "चिठ्ठ्या कशाला? डोकं आहे ना!" त्या दिवशी यांनी शेजारची धडधाकट डिस्क उपसली. चारातल्या दोन गेल्या, हॉस्पिटल ठप्प. पेशंट डोळ्यांत औषध घालून बाहेर बसलेले आणि आत डॉक्टरांसमोर कोरा पडदा. दुपारपर्यंत यांनी सगळं परत उभं केलं, एक रिपोर्टही गेला नाही. साहेबांनी पाठ थोपटली. चूक कुणाची, हे कुणी विचारलंच नाही.

मला मात्र घरी येऊन सांगितलं.

"होतं एखाद्या वेळी," मी म्हटलं.

"नंबर आठवेना गं. आणि आठवत नाहीये, हेही कळेना."

त्याच आठवड्यात यांनी मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली होती. तेव्हा मी हसले होते. आता नाही हसले.

काल नव्या सर्व्हरची मीटिंग होती. साहेब कार्डवाले, यांचा पक्ष तर जन्माचा ठरलेला. इस्त्रीचा शर्ट घालून गेले. संध्याकाळी आले, बूट काढले, जागेवर ठेवले.

"काय ठरलं?"

"कार्ड."

"साहेबांनी ऐकलं नाही?"

"मीच सांगितलं. साहेबांचा विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा विचारून घेतलं."

मी पाणी दिलं.

"मेलेल्या डिस्कच्या खणावर कार्ड लाल दिवा लावतं," हे म्हणाले. "दिवा दिसला की तो खण ओढायचा. माझ्या जागी उद्या कुणीही आलं तरी जमेल."

पाणी प्यायले. रिकामा ग्लास हातात धरून बसून राहिले.

"आणि तोवर," म्हणाले, "मलाही जमेल."