चाळीस रुपयांची पायपेटी

१९७४च्या मार्चमधला तो पंचनामा मी विसरू शकत नाही. किमतीच्या रकान्यात चाळीस रुपये. हजर मी, हवालदार, दोन पंच, फिर्यादी बाई आणि जाणकार म्हणून बोलावलेले पेटीमास्तर.

बाई विधवा. नागपुरात आमच्याच ठाण्याच्या हद्दीत मुलींना गाणं शिकवून घर चालवत. त्या माहेरी गेल्या असताना कुलूप तोडून त्यांची पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायची पेटी, कोणी तरी नेली. विलायती वाद्य, मिटलं की थेट ट्रंक. ते गेलं आणि शिकवणी बंद पडली.

आठ दिवसांनी खबऱ्या सांगत आला की शहराबाहेरच्या वाडीला, ट्रकवाल्यांच्या एका गोदामात, रायपूरला जाणाऱ्या मालात विचित्र ट्रंक पडली आहे. ती आम्ही जप्त केली. पाठवणाऱ्याचं नाव खोटं निघालं.

किंमत ठरवायला बाईंच्याच गल्लीतले मास्तर बोलावले. वीस वर्षं पेटी शिकवणारे, दुरुस्तही करणारे. असलं वाद्य कधी पाहिलं नाही, बाईंच्या घरात पाऊलही टाकलं नाही, असं त्यांनी सांगितलं.

"भंगार आहे साहेब. चाळीस लिहा."

"मी ऐंशी देते, मास्तर," बाई म्हणाल्या. "अशा दोन आणून द्या."

मी मास्तरांना सूर तपासायला सांगितलं. माझे शिपाई सकाळपासून त्या झाकणाशी झटत होते. बाईंना मी अजून पेटीला हात लावू दिला नव्हता. मास्तरांचा हात सरळ तळाशी गेला, खटका दबला, झाकण उघडलं.

विलायती पेट्यांना असा खटका असतोच, असं ते म्हणाले. पण बाईंनी सांगितलं, मूळचा खटका मोडल्यावर हा त्यांच्या यजमानांनी घरीच सायकलच्या स्प्रिंगचा बसवला होता.

मी तासभर त्यांना नुसतं समोर बसवून ठेवलं. शेवटी ते बोलले.

"मले विकाची नव्हती साहेब. माह्या शिकवणीच्या पोरी एकेक करून तिच्याकडे गेल्या. त्या पेटीचा आवाज आला का मले जेवण जात नव्हतं. दोन दिवस दार लावून वाजवली, मंग पाठवून देल्ली."

"खरी किंमत काय?"

"आठशे. माह्याजवळ असते तर हजार देल्ले असते."

मी चाळीसवर रेघ मारली, आठशे लिहिलं, बाजूला सही केली.

लोभाने चोरणारा मालाची किंमत चढवून सांगतो, जळून चोरणारा पाडून सांगतो. पुढच्या नोकरीत हे मला अनेकदा उपयोगी पडलं.

कोर्टाने मास्तरांना कोर्ट उठेपर्यंत कैद आणि तीनशे रुपये दंड केला. त्यातले दोनशे भरपाई म्हणून बाईंना मिळाले. वाडीपर्यंतच्या हादऱ्यांनी पेटीचे अकरा सूर बिघडले होते आणि ते नीट करणारा माणूस आसपास एकच होता. बाईंनी मास्तरांनाच बोलावलं, तेही शिकवणीच्या वेळी. मुली गात होत्या, मास्तर मान खाली घालून काम करत होते. मजुरीचे साठ रुपये बाईंनी पावती घेऊन त्यांच्याच हातावर ठेवले.