पितळेची नववी खुंटी

चितेगावच्या एका कारखान्यात रामेश्वर अठरा वर्षांपासून इलेक्ट्रिशियन आहे. मोटर बंद पडली, पॅनल ट्रिप झालं की त्याच्याच नावाचा पुकारा होतो. तो येतो, खिशातून टेस्टर काढतो आणि आधी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगतो. दुरुस्तीपेक्षा या बाजूला व्हायला सांगण्यातच आपल्याला जास्त मजा येते, हे तो स्वतःच कबूल करतो.

त्याची बायको सुकेशनी घरीच टायपिंग करते. लग्नपत्रिका, अर्ज, बचतगटाचे ठराव. तिचा जुना कॉम्प्युटर दिवाळीनंतर कायमचा बसला, तेव्हा ती म्हणाली, "जोडलेलाच घेऊ." रामेश्वरला तो आपला अपमान वाटला. क्रांती चौकातल्या दुकानातून त्याने सगळं सामान सुटं उचललं. दुकानदार प्रणय म्हणालासुद्धा, "काका, घंट्याभरात फिट करून देतो ना."

"मी चारशे चाळीस व्होल्ट हाताळतो," रामेश्वर म्हणाला, "हे तर बारा व्होल्टाचं खेळणं हाय."

रविवारी सकाळी ओसरीवर सतरंजी अंथरली. मोबाइलवर जोडणीचा व्हिडिओ लावला होता, पण त्यातला माणूस लई हळू बोलतो म्हणून रामेश्वरने तो मधेच बंद केला. कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड डब्याच्या, म्हणजे कॅबिनेटच्या, पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळेच्या बारीक खुंट्या बसवायच्या असतात. पुडीत नऊ निघाल्या, त्याने नऊच्या नऊ पिळल्या. कंपनीनं दिल्यात म्हणजे लागतच असतील. वरून स्क्रू लावताना एक स्क्रू उरला, कारण बोर्डाला भोकं आठच होती. तो त्याने खिशात टाकला. "बघ, एक वाचवला," तो सुकेशनीला म्हणाला.

त्याची आई बानाबाई मेंढरं सोडायच्या आधी मुद्दाम थांबली होती. तिने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. शेजारचा कारभारी दात घासत घासत बघायला आला. रामेश्वरने सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"लाइट गेली काय?" कारभारीनं विचारलं. डोक्यावरचा पंखा गरगरत होता. रामेश्वरने सॉकेटात टेस्टर घातला, दिवा लागला. वायर बदलली, प्लग बदलला, शेवटी मीटरपर्यंत जाऊन आला. मग सुकेशनी म्हणाली, "अहो, मागच्या बाजूला एक बटन हाय, ते कशाचं?"

ते आत वीज पुरवणाऱ्या डब्याचं, म्हणजे पॉवर सप्लायचं, स्वतःचं बटण होतं, आणि बंद होतं.

ते चालू करून पुन्हा पुढचं बटण दाबलं. आतल्या पंख्यानं जेमतेम एक झटका दिला आणि जागीच थांबला. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा तेच.

कारखान्यात असं झालं असतं तर रामेश्वर लांबूनच म्हणाला असता, "कुठंतरी शॉर्ट हाय, म्हणून ट्रिप मारतंय." घरी मात्र त्याने कारभारीदेखत निदान केलं, "दुकानदारानं खराब सप्लाय गळ्यात मारला. बघतोच त्याच्याकडं."

सोमवारी ड्यूटीच्या आधी तो सप्लाय पिशवीत घालून क्रांती चौकात गेला आणि चढ्या आवाजात बोलला. प्रणयने ऐकून घेतलं. तारेचा एक तुकडा वाकवून सप्लायची हिरवी आणि काळी वायर जोडली, तसा सप्लायचा पंखा सुरळीत फिरायला लागला.

"सप्लाय तर ठीक आहे काका. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढून चालवून बघा. खाली कुठं टेकत असेल."

"ते मला माहीत हाय," रामेश्वर म्हणाला. माहीत नव्हतं. पैठण रोडला लागेपर्यंत हेल्मेटच्या आत त्याचे कान गरम होते.

संध्याकाळी त्याने बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, सगळ्या वायरी जोडल्या. पंखा फिरला आणि फिरतच राहिला.

"उघड्यावर चालतंय, तर मग डब्यात कामून कोंडतो रे त्याला?" बानाबाई म्हणाली.

सुकेशनी रिकामं कॅबिनेट मांडीवर घेऊन बसली होती. पत्रिकेतली नावं तपासते तसं एकेका खुंटीवर बोट ठेवत तिने मोजलं. "अहो, ह्या नऊ हायत. बोर्डाला भोकं किती?"

"आठ."

"मग ही नववी कुठं टेकत होती?"

बिनभोकाच्या जागी, बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या उघड्या टाक्यांना; शॉर्ट तिथंच होत होता. रामेश्वरने पक्कड घेऊन ती खुंटी काढली. बोर्ड परत बसवला. बटण सुकेशनीनं दाबलं आणि पडदा उजळला.

त्याने आधी प्रणयला फोन करून माफी मागितली. मग कारभारीच्या ओसरीवर जाऊन काय घडलं ते सांगितलं. दुसऱ्यानं तिखटमीठ लावण्यापरीस आपणच बोललेलं बरं म्हणून कारखान्यात चहाच्या वेळीही त्यानेच विषय काढला. सुपरवायझर साहेबरावांना हसता हसता ठसका लागला.

त्या आठवड्यात नव्या कॉम्प्युटरवर पहिली पत्रिका तयार झाली. सुकेशनीनं कागद त्याच्यापुढं धरला. "जरा तपासा. तुमची नजर बारीक हाय."

टोमणा कळूनही त्याने ती दोनदा वाचली. "एकदम बरोबर हाय," तो म्हणाला.

सुकेशनीनं नवरीच्या नावाच्या जागी बोट ठेवलं. तिथंही नवरदेवाचंच नाव पडलं होतं. पत्रिकेप्रमाणं त्या पोराचं लग्न त्याच्याशीच लागणार होतं.

रामेश्वर गपचूप चहा ठेवायला उठला.