दत्ताभाऊंच्या स्क्रिप्टमध्ये चूक नव्हती

दत्ताभाऊंनी डेटा घालवला नव्हता. मी घालवला होता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. कंपनीतले सगळे ही पोस्ट बघतील, मॅनेजरसाहेबसुद्धा. खुशाल स्क्रीनशॉट काढा.

ज्यांना भाऊ माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होते. मूळचे लातूरकडचे, राहायला मोशीत. शिक्षण आयटीआय, पण लिनक्स शिकावं तर त्यांच्याकडूनच राव.

ब्रेक टेस्टिंगचा कॉम्प्युटर सेकंदासेकंदाला रीडिंग लिहायचा. जुनी हार्डडिस्क सारखी अडकायची, लाइन थांबायची. नवीन मागून मागून भाऊ थकले, मग त्यांनी स्क्रिप्ट लिहिली.

मेमरीतल्या थोड्या जागेची रॅमडिस्क, म्हणजे तात्पुरती डिस्क केली आणि बाइंड माउंट करून रीडिंगच्या फोल्डरच्या जागी जोडली. मशीनला पत्ताच नाही. फोल्डर तेच, नाव तेच, लिखाण मात्र मेमरीत. शिफ्ट संपली की स्क्रिप्ट सगळं एकदम डिस्कवर उतरवायची.

अट एकच. वीज काढायच्या आधी स्टॉप कमांड द्यायची, नाहीतर मेमरीतलं सगळं पुसलं जाणार.

ऑडिट तोंडावर होतं. मला वायरी नीट बांधायच्या होत्या. फोल्डर उघडून बघितलं, फाइली दिसत होत्या. म्हटलं सेव्ह आहे, आणि कॉम्प्युटरचा प्लग काढला.

अख्ख्या शिफ्टचं रीडिंग गेलं. सगळा माल परत टेस्टिंगला.

मीटिंगमध्ये मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ उभे राहिले.

"स्क्रिप्ट माझी हाय. चूक बी माझीच."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तू प्रोबेशनवर हायस. तू कशाला बोलायलास?"

पुढच्या महिन्यात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. थोड्याच दिवसांत हार्ट अटॅक. मी खांदा द्यायला गेलो आणि तिथेही गप्प राहिलो. लाज वाटते लिहायला.

काल नव्या लोकांच्या ट्रेनिंगमध्ये साहेब म्हणाले, एका अर्धवट माणसाच्या जुगाडाने आपला डेटा गेला होता. मग मला हुकूम, स्क्रिप्ट राहू दे, वरचं त्याचं नाव काढ.

म्हणजे काम त्यांचं पाहिजे, नाव नको. वा रे वा.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, प्लग मी काढला होता."

साहेब म्हणाले, विचार करून बोल. वर्षभर तेच तर केलं सर.

रात्रीच सगळ्या डिपार्टमेंटला माझ्या नावाने मेल गेलाय. स्क्रिप्टवरचं नाव तसंच आहे आणि माझ्या हातून ते निघणार नाही. फार तर घरी बसवा. निगडीपासून रांजणगावपर्यंत कंपन्या पडल्यात.

आज सकाळी मोशीला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग वर्षभर कुठं होतास?"

त्यांचा प्रश्न बरोबर आहे. म्हणून इथे लिहितोय, सगळ्यांना दिसेल असं.

भाऊ, उशीर झाला. माफ करा.

तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.