एकच गॅलरी मोकळी

लालबागच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. परळच्या हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या, तरी चाल तशीच भराभर. कुणाकडे गेल्या तरी उभ्याउभ्याच बोलतात. बोलणं पटलं नाही, की चष्मा पुसायला घेतात.

निवडणूक लागली आणि चाळीच्या गॅलऱ्यांना एकाच पक्षाचे झेंडे लागले. आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही. पक्षाच्या पोरांनी सिस्टरांच्या कठड्याला दोरी बांधायला घेतली, तशा त्या बाहेर आल्या.

"इथे नको. माझं मत दुसऱ्यांना आहे."

त्या पक्षाचा इथला पुढारी खालच्याच मजल्यावर राहतो. तो हसत म्हणाला, "सिस्टर, चाळीत राहायचंय ना?"

त्यांनी चष्मा पुसला. "इथेच राहणार."

त्या संध्याकाळी जिन्यात त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

पुढाऱ्याच्या आईला रोज सकाळी इन्सुलिन सिस्टरच देतात. दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन वर येत होतो, तर त्या त्याच्या दारात उभ्या आणि तो उंबऱ्यात आडवा.

"आजपासून यायची गरज नाही."

"बाजूक हो. आवशीक सुई देवची आसा."

दोघंही हलेनात. मी पायरीवरच थांबलो. तेवढ्यात आतून म्हातारी ओरडली, "तिका आत घे! नायतर मी जिन्यात येऊन बसतंय."

काठी आपटल्याचा आवाज आला, तसा तो बाजूला झाला. सिस्टर आत गेल्या.

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नका हां."