तापवलेला गळा

वर्गात मी उत्तर दिलं की सर म्हणायचे, "मागच्या बाकापर्यंत येऊ दे." मी पुन्हा सांगायचो, आणि दुसऱ्या खेपेला माझा आवाज पहिल्यापेक्षा खाली जायचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चंदगडकडच्या गावातून कोल्हापूरला आल्यापासून काहीतरी चुकीचं बोलून जाईन, या धास्तीनं मी अर्धे शब्द गिळत होतो.

गावात असं नव्हतं. आमच्या बुद्धविहारात मी बारा वर्षांचा असल्यापासून वंदना घेत होतो. वंदनेत पुढं उभा असलेला एक ओळ म्हणतो आणि मागचे सगळे ती त्याच्या मागोमाग म्हणतात. आपली ओळ चाळीस तोंडांतून परत येते, म्हणून तिथं मला कधी भीती वाटली नाही. माझी थोरली बहीण, आमची आक्का, काजूच्या कारखान्यात कामाला जायची. टरफलाच्या चिकानं तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती. मी कोल्हापूरला निघालो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझं लग्न लावायला बौद्धाचार्य कुणी का येईना. वंदना तेवढी तू घ्यायची."

दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या मेसमधल्या टीव्हीवर मी पहिल्यांदा एक रॉक गायक पाहिला. गळ्याच्या शिरा फुगवून तो ओरडत होता, आवाज मध्येच फाटत होता, आणि समोरचं मैदानभर माणूस त्याच्याबरोबर उड्या मारत होतं. मला एक शब्द कळला नाही. पण याला कुणी 'जरा मोठ्यानं' म्हणणार नाही, हे कळलं. मला तसं गाता यायला हवं होतं. हे कुणाला सांगायची मात्र सोय नव्हती.

शेवटी सांगितलं ते एक वर्ष पुढं असलेल्या मित्राला. त्याच्या घरचा लग्नाचा बँड होता. हंगामात तो वडिलांबरोबर क्लॅरिओनेट वाजवायचा आणि एरवी गिटार घेऊन बसायचा. तो हसला नाही. "ये की मग," म्हणाला, "आमच्या बोळात आवाजाला कोण इचारत न्हाय."

बँडची वाद्यं ठेवायच्या खोलीत आम्ही रोज दुपारी बसायचो. तसल्या गाण्यांची एकच कॅसेट होती. दोन ओळी ऐकायच्या, बटण दाबायचं, मागं न्यायची, पुन्हा ऐकायच्या. "लेका, पोटातनं काढ. गळ्याचं काय काम न्हाय," असं तो सोमवारी सांगायचा. मंगळवारी म्हणायचा, "पोट ऱ्हाऊ दे. गळा आवळ. खोकला यायच्या आधी आवळतोय बघ, तसा." मी दोन्ही करायचो. खरं म्हणजे तो फाटलेला आवाज कसा काढतात, हे दोघांनाही माहीत नव्हतं. आणि ज्याला माहीत असेल असा माणूस आमच्या ओळखीत नव्हता.

मग मित्राला त्याच्या घरातलंच उदाहरण सापडलं. मिरवणूक निघायच्या आधी ताशा जाळावर धरून तापवतात. त्याशिवाय तो बोलत नाही. त्यांच्या बँडमध्ये भोंग्यावर गाणाऱ्या काकांचा आवाजही लग्नाच्या तिथी संपत आल्या की खरखरीत, भारी व्हायचा. "म्हंजे गळा तापवाय लागतोय गड्या," तो म्हणाला. मला ते पटलं. मी मेसमध्ये मुद्दाम तिखट खायला लागलो, पाणी कमी प्यायला लागलो, आणि घसा दुखायला लागला की आणखी अर्धा तास ओरडायचो. दुखतंय म्हणजे तापतंय, असा आमचा हिशेब. त्याचे वडील एकदा दारात येऊन म्हणाले, "बेटा, ताशाचं चामडं फाटलं तर नवं घालता येतं." आम्ही दोघंही हसलो.

फेब्रुवारीत गॅदरिंग झालं. आक्काचं लग्न काजूचा हंगाम लागायच्या आत उरकायचं म्हणून त्यानंतर दहाव्या दिवसाला ठरलं होतं. स्टेजवर पहिली ओळ निघाली आणि मागच्या खुर्च्यांवरची पोरं उभी राहिली. आमचे सर तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी चक्क कान झाकले. शेवटच्या आरोळीला माझ्या गळ्यात काहीतरी टर्रकन गेलं. धोतर फाटावं तसं. पुढं नुसता वारा बाहेर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे गाणंच असं असतंय.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून घसा पाहिला. "पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. ऐकलं नाहीस तर हा आवाज कायमचा असाच राहील." मी बोटांनी नऊ दाखवले, लग्नाला उरलेले दिवस. त्यांना ते काय कळणार? त्या म्हणाल्या, "नऊ नाही, पंधरा."

तीन दिवसांनी वसतिगृहाच्या ऑफिसात आक्काचा फोन आला. कारखान्याच्या शेठजींना विचारून ती वर्षातून एखाद्या वेळी तिथून फोन करायची. मी रिसीव्हर कानाला लावला. "आलास काय रे? कसा हाईस? ऐकू येतंय काय?" ती मोठ्यानं म्हणाली, "हॅलो! बाळा?" मी रिसीव्हर माझ्या खोलीतल्या जोडीदाराच्या हातात दिला. तो म्हणाला, "आक्का, तो अंघोळीला गेलाय." ती म्हणाली, "मग आत्ता हितं श्वास कोण घेत हुतं?" जोडीदारानं माझ्याकडं बघितलं आणि फोन ठेवून दिला.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी गावी पोचलो. पाव्हण्यारावळ्यांनी घर भरलं होतं. मी बोलत नाही म्हटल्यावर एक मामा म्हणाले, "कॉलेजात लई शिकलंय. आता आपल्यासंगं बोलायला लाजतंय." सगळे हसले. आईनं हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिला, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. तिला ही सर्दी वाटत होती आणि मी तसं वाटू दिलं.

आक्काला मात्र मी परसात बोलावून वहीवर सगळं लिहून दिलं. रॉक म्हणजे काय ते लिहायला चार ओळी लागल्या, आणि त्या वाचून मलाच ते खुळ्यासारखं वाटलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. हळदीच्या बोटानं एकेक ओळ धरत तिनं सावकाश वाचलं. शेवटी पंधरा दिवसांची ओळ होती. तिथं तिचं बोट बराच वेळ थांबलं.

"मग आता कोण घेणार?" ती म्हणाली.

मी वहीसाठी हात पुढं केला, पण तिनं ती सोडली नाही.

"सगळ्यास्नी सांगितलंय रे मी. कारखान्यातल्या बायकांस्नी बी. माझा भाऊ घेणार म्हणून." मग म्हणाली, "थोडी बी न्हाय व्हायची? येईल तेवढी घे. पण तू घे."

मी हो म्हणून मान हलवली. त्या क्षणी नाही म्हणायचा धीर मला झाला नाही, आणि लिहायला वही तिच्या हातात होती.

लग्नाच्या दिवशी बौद्धाचार्यांनी मला पुढं बोलावलं. मांडवातले सगळे हात जोडून उभे राहिले. मी पहिली ओळ म्हणालो. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज आला. मोठ्या माणसांनी ती सांभाळून नीट म्हटली. पण पुढं उभ्या असलेल्या लहान पोरांना आम्हीच शिकवलं होतं, पुढचा म्हणेल अगदी तसं म्हणायचं. त्यांनी घसे आवळून, डोळे मिटून, मनापासून तसंच खरखरीत म्हटलं. वराकडच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मी दुसरी ओळ घेतली. ओठ हलले, वारा आला, आवाज आला नाही. पुन्हा घेतली. काही नाही.

आता म्हणायला काहीच नव्हतं, म्हणून सगळा मांडव गप्प उभा राहिला. कुणी रागावलं नाही, हेच वाईट. शंभरभर माणसं हात जोडून माझ्या तोंडाकडं बघत नुसती वाट पाहत होती. आक्का बघत नव्हती. शेवटी बौद्धाचार्यांनी हलकेच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या ओळीपासून त्यांनी सुरू केलं. त्यांचा आवाज चांगला होता. मी तिथंच उभा राहून सगळ्यांबरोबर ओठ हलवत राहिलो.

संध्याकाळी पाठवणीला जीपपाशी गर्दी झाली. आई रडत होती. बायका आक्काला कवटाळत होत्या. मी गेलो तेव्हा तिनं माझा हात धरला. मला तिची माफी मागायची होती. मी तोंड उघडलं.

"गप," ती म्हणाली. "बोलू नगंस आता. डाक्टरीणबाईनं सांगितलंय नव्हं?" मग जीपमध्ये चढता चढता माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मीच हट्ट केला बघ. आवाज परत न्हाय आला तर मला सांगू नगंस."

जीप सुरू झाली. सगळ्यांनी मोठमोठ्यानं तिला निरोप दिला.