हरिओमचा परस

हरिओम आणि मी नांदेडला एकाच ऑफिसात होतो. विहिरींच्या पाण्याचा अंदाज बांधणारं एक सॉफ्टवेअर त्यानं सुट्ट्यांत बसून लिहिलं आणि फुकट वाटलं. ते शिकता यावं म्हणून संगणकावरच उघडणारी, चालवून बघायची नमुन्याची नोटबुकं केली. पानावर थोडं समजावलेलं, खाली कोड, त्याखाली उत्तर. मागच्या वर्षी कावीळ झाली आणि बघता बघता हरिओम गेला.

पुढं ही नोटबुकं शिकायला घेतलेल्या धर्माबादच्या आनंदराज सरांचा मेल आला. "दिसायला छान आहेत, पण एकही चालत नाही." मला राग आला तो हरिओमचाच. चालतील कशी? विहिरींच्या आकड्यांच्या फाइली सगळ्या त्याच्या लॅपटॉपवर! आम्हा संगणकवाल्यांची ही खोडच. आपल्याकडं चाललं की झालं, दुसऱ्यानं खुशाल डोकं फोडावं.

त्याची बहीण राजकन्या लातूरला कॉलेजात गणित शिकवते. ती मला म्हणाली, "दादा, हे बंद पडलं तर त्याचं मागं काहीच उरत न्हाई. मी करते." तिनं फाइली नोटबुकांसोबत ठेवल्या, आधी काय काय बसवायचं ते वर लिहिलं, आणि एकेक नोटबुक जुनी उत्तरं पुसून पहिल्यापासून चालवून पाहिलं.

शेवटी एक अडलं. त्यात त्यांच्याच गावच्या, शिरूर अनंतपाळजवळच्या विहिरी होत्या आणि त्या किती खोल ते परस या जुन्या मापात होतं. परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची. परसाचे मीटर करणारी ओळ हरिओमनं एकदा चालवली आणि खोडून टाकली. उत्तर पानावर, ओळ गायब. राजकन्येनं उलटं गणित करून आकडा काढला, पण तो कुठल्याच पुस्तकातल्या परसाशी जुळेना. मी म्हणालो, "आकडा तसाच लिहून टाक." ती चिडली. "कुठून आला ते न्हाई सांगितलं तर लोक आपल्या विहिरीलाबी तोच लावतील."

ती गावी गेली. वडिलांना, लक्ष्मणरावांना विचारलं, "आबा, आपला परस कुणाचा धरला होता?"

"कुणाचा म्हंजी? हरीलाच हुभा केलता न्हाई का विहिरीवर. हात वर करून. त्याच्यावरूनच दोरीला गाठी मारल्या."

हे तिनं मला फोनवर सांगितलं.

तिनं ती ओळ परत लिहिली. शेजारी लिहिलं, हा परस हरिओमचा. तुमच्या विहिरींसाठी तुमच्या माणसाचा भरा.

आनंदराज सरांचं उत्तर आलं. सगळी नोटबुकं पहिल्या झटक्यात चालली होती. आता त्यांच्या विहिरींसाठी ते धाकट्या भावाला उभं करणार होते.

राजकन्येनं लगेच कळवलं, "जरूर करा, सर. आणि तो हात वर करून उभा असेल तेव्हा त्याचा एक फोटो काढून ठेवा."