वाळेपर्यंत हात लावू नका

भाच्याचा फोन आला तेव्हा मी मैद्याची खळ ढवळत होते. “मालूमावशी गेली...” एवढंच तो बोलला. त्याला महिना होत आला. मालूताई माझी मावसबहीण. जुनी, हाताने रंगवलेली कागदी चित्रं गोळा करून ती जगवणं हाच तिचा संसार. रद्दीत निघालेलं चित्रही ती तान्ह्या लेकरासारखं उचलून आणायची. मागे तिने एक चित्र माझ्याकडे पाठवलं होतं. कोपरा सुटला होता आणि तिचे हात आता थरथरायचे. त्याच चित्रापायी ती एकदा चौकीवर गेली होती.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरगावात संचारबंदी, रस्त्यावर दगडांचा खच, आणि भिंतींवर पत्रकं चिकटवणाऱ्यांना पोलीस चाळीचाळींतून धुंडाळत होते. ऑफिस बंद, म्हणून मी मालूताईकडेच अडकले होते. नेमकं त्याच दुपारी तिने हे चित्र पालथं घालून त्याच्या पाठीला पातळ कागद चढवला. तेवढ्यात दार वाजलं. फौजदाराला दिसलं काय, तर टोपभर खळ, कुंचले आणि कागदांच्या चळती!

“कुठं चिकटवणार होता पत्रकं?”

“पत्रक नव्हे हो, जुनं चित्र आहे.”

“मग उलटून दाखवा.”

नुसतं उलटायचं, की सुटका.

“ओलं आहे. आत्ता उचललं तर चिंध्या होतील.”

“मग चला चौकीवर.”

“येते. पण वाळेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही.” चपला घालताघालता मला म्हणाली, “वर थेंब पडू देऊ नकोस गं, डाग राहतो.”

मला तिचा संताप आला. कागदासाठी कुणी पोलिसांबरोबर जातं? ती परत येते की नाही... थोड्या वेळाने खाली अश्रुधूर फुटला. डोळ्यांना धारा लागल्या, तरी मी चित्रापाशीच बसून राहिले, तोंड बाजूला वळवून.

सकाळी ती आली, बरोबर हवालदार. माझी विचारपूससुद्धा नाही. कडा चाचपल्या, चित्र हलकेच सुलटं केलं. तांबडाभडक मारुती शेपटीसकट अख्खा! हवालदार आल्या पावली जिना उतरला. तेव्हा कुठे तिने माझे सुजलेले डोळे पाहिले आणि मला जवळ घेतलं.

त्या दिवशी भाच्याचा फोन ठेवला, पण ढवळणं थांबवलं नाही, नाहीतर गुठळ्या झाल्या असत्या. खळ निवल्यावर कोपरा बसवला. मग तो वाळेपर्यंत तिथेच बसून रडले... तोंड बाजूला वळवून.